नाचणी, केळं आणि बाबांचं मौन

परीक्षेचे दिवस आले की आमच्या इमारतीत मिक्सर लवकर सुरू होतात. एरवी चटणीपुरती होणारी घरघर मार्चमध्ये जरा लांबते. पेपरला जाण्याआधी मुलांच्या पोटात काहीतरी दणकट जायला हवं, म्हणून कुणाकडे केळं आणि खजूर फिरतो, कुणाकडे बदाम, हल्ली ओट्ससुद्धा. मी चहा घेऊन गॅलरीत बसते आणि नुसत्या आवाजावरून ओळखते, कुठे काय चाललंय ते. कोरडं वाटण असलं की मिक्सर खरखरतो, चटणीला दबका होतो, आणि दूध असलं की आवाज गोल येतो, भांड्यात भोवरा धरल्यासारखा. तो गोल आवाज कानावर आला की माझा चहा हातातच निवतो. ऐंशीच्या दशकातल्या एका मार्चमध्ये आमचं घर त्या आवाजावर चाललं होतं.

तेव्हा आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. उन्हं तापायला लागली की तिथे मिठाचे ढीग उभे राहायचे, इतके पांढरे की दुपारी तिकडे बघवत नसे. त्यांच्या पलीकडे खाडीची एक चमकती रेघ. आई भांडी घासताना त्या रेघेकडे बघत असायची. ती काय बघते असं आम्ही कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. घरात आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. मी दहावीला होते.

बाबा म्हणजे बोलणं. एका सरकारी कचेरीत ते चौकशीच्या खिडकीवर बसायचे आणि लोकांनी विचारलं असेल त्याहून कितीतरी जास्त सांगायचे. एखाद्याला नुसतं कुठल्या मजल्यावर जायचं एवढं हवं असे, बाबा त्याला तिथल्या साहेबाचा स्वभावही सांगून टाकत. तिथून उरलेलं घेऊन ते घरी येत. जेवताना, आंघोळीला जाताना, बुटाची नाडी बांधताना त्यांचं चालू. आई त्यात अधूनमधून 'हं' म्हणायची, 'बरं' म्हणायची. दोघंही मूळ मालवणकडचे. बाबांशी ती मालवणीत बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि दोन्हीत कमीच. आई अबोल आहे, हे आम्ही ती सावळी आहे इतक्या सहज धरून चाललो होतो.

आईला मिक्सर हवा होता. शेजारपाजारच्या घरांत आले होते, तिलाही वाटायचं. पण बाबांचं एक ठाम मत होतं. पाट्यावर वाटलेल्या खोबऱ्याची चव मिक्सरला येणार नाही. पाट्यासमोर ते जन्मात कधी बसले नव्हते, तरी त्यावर अर्धा तास बोलू शकायचे. आई 'बरं' म्हणून वरवंटा उचलायची.

मग तो रविवार आला. आमच्या आणि शेजारच्या इमारतीची क्रिकेटची मॅच होती आणि बाबा अंपायर होते. खेळता येत नसलं तरी अंपायरकीत बोलायला वाव असतो म्हणून त्यांना ती आवडायची. मागच्या ओव्हरमध्ये त्यांनी दिलेल्या एका निर्णयावर कुणीतरी कुरकुर केली होती. त्याला नियम समजावून सांगण्यासाठी बाबा वळले, आणि बॉलर धावत येतोय हे विसरले. तळमजल्यावरच्या उदयने, नुकताच बँकेत लागलेला मुलगा तो, समोर सणसणीत फटका मारला. सीझनचा चेंडू बाबांच्या जबड्यावर बसला. वाक्य अर्धवट राहिलं.

डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. हाड जुळेपर्यंत दीडेक महिना तोंड उघडायचं नाही आणि जे पोटात जाईल ते पातळच, असं त्यांनी सांगितलं. आईने एकच प्रश्न विचारला, पातळ म्हणजे किती पातळ. डॉक्टर म्हणाले, स्ट्रॉमधून आलं पाहिजे. बाबांची एक दाढ आधीच पडलेली होती. तिथल्या फटीतून स्ट्रॉ आत जायची.

घरात इतकी शांतता पसरली की नळाचं पाणी आलं तरी दचकायला व्हायचं. मी माळ्यावरून माझी लहानपणची पाटी काढून बाबांना दिली. पहिले दोन दिवस त्यांनी पाटीवर मावेल तेवढं लिहिलं. पण इतकं लिहिणं त्यांच्या हाताला झेपेना, आणि आपण लिहीपर्यंत ऐकणारा उठून जातो हेही त्यांच्या लक्षात आलं असावं. हळूहळू पाटीवर एकेकच शब्द यायला लागला. 'पाणी.' 'पंखा.' एकदा, शेजारून तळणीचा वास आला तेव्हा, नुसतंच 'बांगडा'. ते वाचून आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पेज, डाळीचं पाणी, मोसंब्याचा रस, माशाच्या आमटीवरचं निवळ. आईने सगळं करून पाहिलं. पण बाबा चार घोट घ्यायचे आणि ग्लास बाजूला सारायचे. भूक नव्हती असं नाही. ते रुसले होते, आणि कुणावर ते त्यांनाही कळत नव्हतं. उदय रोज संध्याकाळी वेलची केळ्यांची फणी घेऊन यायचा, बाबांच्या समोर मान खाली घालून बसायचा आणि निघून जायचा. बाबा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. केळी टोपलीत काळी पडत. बाबांचा शर्ट खांद्यावर हँगरला टांगल्यासारखा दिसायला लागला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी बाबांना काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून डॉक्टरांचाच चेहरा बदलला. वजन असंच उतरत राहिलं तर हाड जुळणार नाही, मग दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, असं ते आईला बाजूला घेऊन म्हणाले. मी तिथेच होते. आईने पदर खांद्यावरून घेतला आणि मान हलवली. दवाखान्यातून आम्ही स्टेशनजवळ आलो, तर ती घराच्या दिशेने न वळता भांड्यांच्या दुकानात शिरली. भिशीचे पैसे तिच्या पिशवीत होते. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मिक्सरचं खोकं होतं. घरात कुणालाही न विचारता आईने आणलेली तेवढी मोठी वस्तू मी त्याआधी पाहिली नव्हती.

घरी पोचल्यावर बाबांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'पाटा?' आईने ते वाचलं, पदराने पाटी पुसली आणि मिक्सरचा प्लग खुपसला.

पहिला प्रयोग शेंगदाणे आणि केळं असा होता. शेंगदाण्याचा कण स्ट्रॉमध्ये अडकला, बाबा ओढून ओढून लाल झाले, शेवटी त्यांनी अंगठा खाली केला. दुसऱ्या दिवशी आईने नाचणीची पातळ खीर शिजवून दुधाबरोबर मिक्सरला लावली. झाकण दाबून धरावं लागतं हे दुकानदाराने सांगितलं होतं, पण बटण फिरवल्यावर तो आवाज ऐकून ती दोन पावलं मागे सरकली. झाकण उडालं. नाचणी छताला, कॅलेंडरला, ट्यूबलाइटला आणि दारात उभ्या असलेल्या बाबांच्या चष्म्याला. मग एक विचित्र आवाज यायला लागला, नाकातून कुणी पिपाणी वाजवावी तसा. बाबा हसत होते. तारा ताणल्या जाऊन दुखत होतं, म्हणून दोन्ही हातांनी जबडा धरून हसत होते. चेंडू लागल्यापासून ते पहिल्यांदा हसले. आईही हसली, आणि छतावरून एक थेंब तिच्या भांगात पडला तेव्हा तर तिला खालीच बसावं लागलं.

त्यानंतर गाडी रुळावर आली. आईची पद्धत ठरून गेली. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, गच्चीवर वाळवायची. मार्चच्या उन्हात ती एका दिवसात खडखडीत व्हायची. मग मंद भाजून दळायची आणि दोनदा चाळायची. भाजताना जो वास सुटायचा, ओल्या मातीसारखा आणि भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा, तो जिन्यात खालपर्यंत जायचा. रात्री खारीक आणि बदाम भिजत पडायचे. सकाळी मी दूध केंद्रावरून बाटल्या आणायची. आई नाचणीचं पीठ पाण्यात कालवून गुठळी होऊ न देता शिजवायची आणि परातीतल्या पाण्यात भांडं ठेवून निववायची. तोवर बदाम सोलायचे, खारकेच्या बिया काढायच्या. मग सगळं मिक्सरमध्ये: नाचणी, खारीक, बदाम, उदयचं एक पिकलेलं केळं, दूध, वेलदोडा आणि मिठाचा कण. बटण फिरवलं की ट्यूबलाइट मंद व्हायची आणि तो गोल आवाज यायचा. शेवटी सगळं मलमलच्या धुवट फडक्यातून गाळायचं, कारण नाचणीच्या कोंड्याचा एक कणसुद्धा स्ट्रॉ बंद करायला पुरत असे. रंग फिकट चॉकलेटी, वर बारीक फेस. उरलेलं मला मिळायचं. खारकेचा गोडवा आधी लागायचा, आणि नाचणीचा खरपूसपणा गिळल्यावर मागून यायचा.

या सगळ्याला वेळ लागायचा. बाबांना दुसरा उद्योग नव्हता. ते स्टूल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायचे आणि आईकडे बघत राहायचे. तिला त्या बघण्याचं ओझं होत असावं. म्हणून ती बोलायला लागली. आधी भाजीवाल्याबद्दल, पाण्याबद्दल. ते संपल्यावर एका सकाळी बदाम सोलता सोलता ती म्हणाली की खाडीला भरती आलीय, आणि मग सहज, जणू आम्हाला ठाऊकच आहे अशा सुरात म्हणाली, "मी तर चालवायची तेव्हा अशा भरतीला होडी नुसती धरून ठेवावी लागायची."

माझ्या हातातलं इतिहासाचं पुस्तक खाली आलं. तर म्हणजे खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर माणसं नेणारी होडी. आईच्या वडिलांची तर होती हे मला माहीत होतं. आई ती चालवायची हे मला माहीत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यांनाही नव्हतं.

मुलुंडच्या स्टेशनबाहेरचा रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट धरणारी ही बाई. ती माझ्याहून लहान असताना तिचे वडील हिवतापाने अंथरुणाला खिळले, भाऊ शिकायला मामाकडे होता, आणि तर बंद राहिली तर दुसरा कुणीतरी ती घेणार होता. म्हणून तिने वल्हं उचललं. हे तिने एका दिवसात सांगितलं नाही. रोज थोडं थोडं, खारीक भिजलेली असेल तेवढं. पहिल्या दिवशी माणसं होडीत बसायलाच तयार नव्हती, तिकडून एक मासेवाली आली आणि टोपली आत ठेवून म्हणाली, माझे मासे नासतायत, तू बुडवलंस तरी चालेल. एकदा एक बकरी मधेच पाण्यात उडी मारून पोहत परत गेली. एकदा नवरामुलगा मुंडावळ्या बांधलेला, भर खाडीत त्याला ओकारी झाली आणि वऱ्हाड मात्र गाणी म्हणत राहिलं. सांगताना आईचा आवाज बदलायचा. हात वल्ह्यासारखे मागेपुढे व्हायचे आणि त्यात कधीकधी बदाम ओट्यावरून निसटायचा.

बाबा ऐकायचे. ते कुणाचं इतका वेळ ऐकतात हे मी पहिल्यांदा बघत होते. आई थांबली तर ते ग्लास ओट्यावर हलकेच आपटायचे. ग्लास रिकामा झाला की आई तो घासायला घेते आणि गोष्ट तिथेच थांबते, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. मग ते एकेक घोट पुरवून प्यायला लागले. तेही आईच्या लक्षात आलं. तिने ग्लास बदलला, ताकाचा मोठा काढला. बाबांनी तो काठोकाठ भरलेला बघितला आणि काही न लिहिता पुढ्यात ओढला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला आणि आईला विचारलं, काय देता तुम्ही यांना. आई म्हणाली, नाचणी.

त्याच दिवसांत माझे पेपर सुरू झाले. दरवर्षी बाबा मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचे आणि वाटेत इतक्या सूचना द्यायचे की आत जाईपर्यंत माझं डोकं भणभणायचं. त्या वर्षी ते नुसते शेजारून चालले. रस्त्याकडेच्या सावरीच्या शेंगा फुटून कापूस उडत होता. एक पुंजका माझ्या पॅडवर बसला, तो त्यांनी फुंकरीने उडवायचा प्रयत्न केला आणि फुंकर येईना म्हणून बोटाने टिचकी मारली. फाटकाशी त्यांनी माझा खांदा दाबला. पोटात दूध-नाचणी, डोक्यात शांतता. माझे पेपर कधी नव्हे इतके बरे गेले. संध्याकाळी उदय आला तेव्हा बाबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं आणि पाटीवर लिहिलं, 'शॉट चांगला होता.' तो जिना उतरताना शीळ घालत गेला.

तारा काढायच्या दिवशीची सकाळ. आई नेहमीसारखी सांगत होती. पलीकडच्या वाडीत एक बाई अडली होती आणि या काठावरची सुईण आईच्या होडीत बसली होती. ओहोटी लागलेली, उजेड उतरत चाललेला. अर्ध्यावर गेल्यावर होडी रेतीत रुतली आणि हलेना. बाबांच्या स्ट्रॉमधला घोट वर येऊन थांबला होता. इतक्यात खालून उदयने रिक्षा आणल्याची हाक मारली. आईने हात पुसले. उशीर झालेलाच होता. ते दोघं निघाले.

दुपारी परत आले तेव्हा आमच्या दारात निम्मी इमारत जमली होती. इतके दिवस तुंबलेलं बोलणं आता बाहेर येणार, ते ऐकायला सगळे आले होते. उदयने पेढे आणले होते. बाबा उंबऱ्यात उभे राहिले. जबडा आखडला होता, दोन बोटं जातील एवढंच तोंड उघडत होतं. बाबांनी जमलेल्यांकडे बघितलंच नाही. ते आईकडे वळले. आवाज गंजल्यासारखा आला.

"मगे? फुडे काय झाला गो?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच काही कळलं नाही. आईने पदर तोंडाशी नेला, घरात जायला एक पाऊल उचललं, आणि थांबली. मग तिथेच, पायातली चप्पलही न काढता, तिने सांगितलं. ती आणि सुईण दोघी चिखलात उतरल्या. सुईणीने आपलं गाठोडं डोक्यावर बांधलं. दोघींनी खांदा लावून होडी रेटली, पाय गुडघ्यापर्यंत आत जात होते, शेवटी होडी सुटली आणि त्या कशाबशा आत चढल्या. इतक्या माणसांसमोर आईला बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज आधी बारीक होता, मग तो नीट झाला. काय झालं हो, मुलगा की मुलगी, असं मागून कुणीतरी विचारलं.

"मुलगी," आई म्हणाली. "मी परतायला होडी सोडत होते, तेव्हा तिचं रडणं ऐकू आलं. पाण्यावरून लांबपर्यंत येत होतं."

तिच्या हातात कुणीतरी पेढा ठेवला.

संध्याकाळपर्यंत बाबांचं बोलणं रुळावर आलं. चेंडूची गोष्ट त्यांनी प्रत्येकाला वेगळी सांगितली आणि दर वेळी चेंडूचा वेग वाढत गेला. कचेरीतली खिडकी पुन्हा भरून वाहू लागली. पण सकाळचं स्टूल त्यांनी सोडलं नाही. आता त्यांना बांगडा खाता येत होता, पोळी चावता येत होती, तरी नाश्त्याला त्यांना तो मोठा ग्लासच लागायचा आणि तो संपेपर्यंत ते तोंडातून शब्द काढायचे नाहीत. पाटा खिडकीखाली उभा राहिला. आईने त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवली.

आज वाटतं, आई अबोल नव्हतीच. आमच्या घरात बोलण्याची जागा रिकामी नव्हती, एवढंच. आणि बाबा वाईट नव्हते. चेंडू लागला नसता तर ते जन्मभर हसतखेळत बोलत राहिले असते, आणि मिठागरांपलीकडच्या त्या रेघेत आईला काय दिसतं ते आम्हाला कळलंच नसतं. माझ्या आईचं निम्मं आयुष्य मला माझ्या दहावीच्या परीक्षेत समजलं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.

मे महिन्यात निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा म्हणून बाबा आम्हाला आईच्या गावी घेऊन गेले. आजोबा कधीच गेले होते. तर आता आईचा चुलतभाऊ चालवत होता. भर दुपार टळून गेली होती, खाडी काठोकाठ भरली होती, खारफुटीचा ओला वास येत होता. होडीत आम्ही तिघंच बसलो. थोडं आत गेल्यावर आई उठली, पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि भावाच्या हातातून वल्हं घेतलं. त्याने मुकाट्याने जागा दिली.

सुरुवातीला होडी जरा भरकटली. मग आईच्या खांद्यांना आठवलं. वल्हं पाण्यात शिरताना आवाज येईना, बाहेर येताना तेवढा थेंबांचा. मी तिचे हात बघत होते. हेच हात फडक्यातून नाचणी पिळायचे, पण इथे ते दुसऱ्याच कुणाचे तरी वाटत होते. बाबांना पोहता येत नाही. ते फळीवर ताठ बसले होते, दोन्ही हातांनी होडीची कड धरून, आणि निघाल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. मधोमध आल्यावर वारा लागला, होडी डुलली. आईने वळून त्यांच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती.

"अवो," ती म्हणाली, "आता बोला मा कायतरी."

बाबांनी तोंड उघडलं. आता ते पूर्ण उघडत होतं. मग त्यांनी ते पुन्हा मिटलं, आणि कडेवरचा एक हात जरासा सोडून तिला खूण केली, तू चालव.